बारा दिवसांचा रस्ता

मी शिवणकाम करते. चाळीस वर्षं झाली. माणसाचा चेहरा विसरते, पण खांदे विसरत नाही. रस्त्यात कुणी ओळख दाखवत समोर आलं की आधी डावा खांदा उतरता आहे की उजवा ते बघते आणि मग म्हणते, "अगं, तू होय!"

टेकडीवरच्या मोठ्या घरात त्या मुलीच्या मापासाठी मला पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा आईसाहेबांनी जिन्याच्या तोंडाशीच मला थांबवलं. सत्तरी उलटलेली बाई, पण पाठ छडीसारखी सरळ. म्हणाल्या, "मुलगी जरा वेगळी आहे. माप घेताना फार बडबडू नका. आणि एकदम मागून जाऊ नका."

मुलगी म्हणजे त्यांची नात. तिची हकीकत तोवर सगळ्यांच्या तोंडी झाली होती. आईसाहेबांना एकच मुलगा. त्याने घरी कपडे धुवायला येणाऱ्या बाईच्या मुलीशी लग्न केलं. आईने दार दाखवलं. तो बायकोला घेऊन नदीपलीकडच्या दाट रानात गेला आणि तिथेच राहिला. बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूल जगलं. पुढची सतरा वर्षं त्या मुलीने बापाशिवाय दुसऱ्या माणसाचा आवाज ऐकला नाही. मग बापही गेला. लाकूडतोड्यांना ती सापडली, त्यांनी शोध घेत घेत इथवर निरोप धाडला आणि आईसाहेबांनी तिला घरी आणलं. असं आम्हाला माहीत होतं, कारण आईसाहेबांनीच ते तसं सांगितलं होतं.

वरच्या खोलीत गेले तर मुलगी दिसेना. पलंग, आरसा, खुर्च्या, सगळं जागच्या जागी. ती कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत उभी होती. लपली नव्हती, उभी होती नुसती. नंतर कळलं, तिला पाठीला काहीतरी टेकलेलं लागायचं.

मी टेप तिच्या अंगाला लावला नाही. आधी तिच्या हातात दिला. तिने तो हुंगला, दातांत धरून हलकेच चावला, मग माझ्या मनगटाभोवती गुंडाळून पाहिला. तिथून दंडावर गेली, दंडावरून कमरेवर. माझ्या कमरेला टेप पुरता पुरेना तेव्हा ती हसली. हसण्यासारखंच आहे ते, मी काय बोलणार! मग तिने टेप परत केला आणि फटीतून बाहेर आली.

खांदे मात्र बघून मी गारच झाले. उजवा डाव्यापेक्षा दोन बोटं रुंद, मानेपासून दंडापर्यंत नुसता पीळ. आईसाहेबांनी दिलेलं कापड पाण्यासारखं तलम. ते या खांद्यांवर टिकवायचं म्हणजे माझी परीक्षाच होती.

आईसाहेबांनी तिला घराण्यातलं एक लांबलचक नाव ठेवलं होतं. त्या नावाने हाक मारली तर ती वळायची नाही. बाप तिला "पिल्ला" म्हणायचा. नोकरमंडळी पाठीमागे "रानबाई" म्हणायची. मी "पोरी" म्हणायला लागले, ते तिला चाललं.

तिची भाषा मोठी गमतीची होती. बाप शिकलेला, त्यामुळे बोलणं अगदी शुद्ध, पण रानात जेवढं लागतं तेवढंच. आभार नाही, माफी नाही. आणि तिला 'तुम्ही' माहीतच नव्हतं. आयुष्यात एकच माणूस, त्याला 'तू'. शिकवणीच्या बाई यायच्या, त्यांनी पहिल्या दिवशी शिकवलं की आजीला 'तुम्ही' म्हणायचं. पोरीने आईसाहेबांच्या खांद्यावरून मागे बघितलं, मग खुर्चीच्या मागे जाऊन बघितलं.

"तू एकटीच आहेस," ती म्हणाली. "दुसरं कोण?"

शिकवणीच्या बाईंनी हे मला हसत हसत सांगितलं होतं. आईसाहेब मात्र हसल्या नव्हत्या म्हणे. बराच वेळ त्यांनी मागे वळून बघितलंच नाही.

कुणाला वाटेल, पोरगी इथे डांबून ठेवली होती. तसं नव्हतं. तिला शिकायचंच होतं. बापाने मरण्याआधी सांगून ठेवलं होतं, "खाली जा. माणसांत राहा. माझ्यासारखं करू नकोस." बाप जे सांगेल ते करायचं, एवढं एकच शिक्षण तिला पक्कं झालं होतं. टाचांचे बूट घालून ती जिना चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. एकदा मी मोजे दुरुस्त करायला घेतले तर टाचेशी रक्त वाळून कापड पापडासारखं कडक झालेलं. "अगं, दुखत नाही का?" म्हटलं. म्हणाली, "दुखतं." आणि पुन्हा बूट घालायला लागली.

चमचे, काटे, सुऱ्या, कुठला कधी उचलायचा, तेही तिने पाठ केलं. आवाज न करता चावायला शिकली. पलंगावर झोपायला शिकली, निदान चादर चुरगळायला तरी. कुणी दार वाजवलं की टुणकन उडी मारून उभी राहायची, ती सवय मात्र जात नव्हती. आणि दुसरी एक गोष्ट.

भर दुपारी त्या घरात सामसूम व्हायची. आईसाहेब पडायच्या, नोकर मागच्या खोल्यांत जायचे. मी खिडकीपाशी बसून काजं करायची, पोरगी माझ्याजवळ जमिनीवर बसलेली असायची. अशा वेळी अचानक तिची मान वळायची. जिन्याकडे. अंग ताठ, श्वास बंद.

"काय गं?"

"शीळ."

"कुणाची?"

"बाबाची. जेवायला बोलावतोय."

पहिल्यांदा मी उठून बाहेर डोकावलेसुद्धा. रिकामा जिना, त्यावर उन्हाचा पट्टा. मी परत येऊन म्हटलं, "पोरी, तो गेला ना आता."

"माहीत आहे," ती म्हणाली, अगदी सरळ. "मीच बसले होते जवळ. नऊ दिवस. कोल्हे यायचे, त्यांना हाकलत होते. तो मेलाय. पण शीळ येते. आणि मी उत्तर दिलं नाही तर तो शोधायला निघतो."

"मग दे ना उत्तर."

"इथे शीळ घालायची नाही, असं सांगितलंय."

नऊ दिवस, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पुढे विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मोठ्या घरांत काम करणाऱ्या माणसाला एक सवय लागते, ऐकलेलं तिथेच टाकून यायची.

चार महिन्यांनी आईसाहेबांनी ठरवलं की पोरगी आता चारचौघांत आणायची. सोळा पाहुणे, दुपारचं जेवण. त्यात एक निवृत्त न्यायाधीश, एक म्हातारे डॉक्टर, दोन-तीन जुनी घराणी. आईसाहेबांचा पुतण्याही बायकोसह आला होता. पोरगी सापडली नसती तर घर त्याला मिळायचं होतं, त्यामुळे तो फारच गोड बोलत होता. मला मुद्दाम थांबवून घेतलं होतं. जेवणाच्या खोलीला लागून वाढपाची खोली होती, तिच्या दाराशी मी सुई-दोरा घेऊन उभी, कारण उजव्या खांद्याची शिवण कधी दगा देईल याचा भरवसा नव्हता.

आणि सांगते, पोरगी सुरेख दिसत होती. राखाडी रंगाचा पायघोळ पोशाख, गळ्यापर्यंत बंद, बाह्या मनगटापर्यंत. केस वर बांधलेले. पाहुण्यांना ती "तुम्ही" म्हणत होती. सूप न सांडता प्यायली. डॉक्टरांनी विचारलं, "इथलं हवामान मानवलं का?" तर म्हणाली, "हो, आभारी आहे." दाराशी उभ्या उभ्या माझा ऊर भरून आला. शिकवणीच्या बाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या, त्यांचेही ओठ तिच्याबरोबर हलत होते.

मग न्यायाधीशांच्या बायकोने सुस्कारा सोडून म्हटलं, "किती शोधलं असेल तुम्ही सगळ्यांनी! एवढी वर्षं कसलाही पत्ता नाही म्हणजे..."

"काहीच नाही," आईसाहेब म्हणाल्या. "कुठे आहेत, जिवंत तरी आहेत का, काहीच कळलं नाही. त्या लाकूडतोड्यांचा निरोप आला आणि मग कळलं."

पोरगी त्यांच्याकडे बघत होती. कुणीतरी वाटेचं वळण चुकतंय आणि आपण सांगायला हवं, असा तिचा चेहरा होता.

"नाही," ती म्हणाली. "कारभारी यायचे ना."

घराचे कारभारी भिंतीला लागून उभे होते, साठीचे, हातावर पांढरा रुमाल. त्यांनी मान खाली घातली.

"दर वर्षी यायचे," पोरगी सांगायला लागली. "थंडी संपली की. हरणं चाटायला येतात त्या मिठाच्या दगडापाशी उभे राहायचे. बाबा मला लपायला सांगायचा. ते बघायचे आणि जायचे. या वेळी आले तेव्हा बाबा पडला होता, कड्यावरून. पाय काळा झाला होता. मी लपले नाही. गाडीमागे पळाले. कारभारी म्हणाले, आलोच."

सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. तिला वाटलं, आपण नीट सांगितलं नाही म्हणून कुणाला कळलं नाही. ती आईसाहेबांकडे वळली. त्या आवाजात राग नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. खरंच न कळलेली गोष्ट माणूस विचारतो, तसं तिने विचारलं.

"मग बारा दिवसांनी आले. मला वाटलं, रस्ता तेवढा लांब असेल. पण मला घेऊन आले तेव्हा आम्ही सकाळी निघालो आणि संध्याकाळी इथे पोचलो. मग बारा दिवस का लागले, आजी? तुम्हाला माहीत आहे का?"

'तुम्हाला' म्हणाली ती. तेवढं चुकली नाही.

डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला. काळा पाय म्हणजे काय, किती दिवसांत गेलं तर वाचवता येतो, हे त्या टेबलावर त्यांना एकट्यांनाच कळत असणार. त्यांनी आईसाहेबांकडे बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली.

आईसाहेबांनी रुमालाने ओठ टिपले. "पुढचं वाढा," त्या म्हणाल्या.

आणि पुढचं वाढलं गेलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, सोळाच्या सोळा माणसं जेवली. मांस कापलं, फळं सोलली, कुणीतरी बागेतल्या गुलाबांची चौकशी केली. पोरगी उत्तराची वाट बघत बसून राहिली. एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या ताटातलं तसंच होतं.

पाहुणे गेल्यावर तिचा पोशाख उतरवायला मी वर गेले. शिवण उसवली नव्हती. तिने विचारलं, "मावशी, मी काय चुकले? काटा चुकीचा उचलला का?"

इथे मी काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. तू काही चुकली नाहीस, एवढं तरी. पण मी घाबरले होते. त्या घरचं काम माझ्याकडे बावीस वर्षं होतं, आणि खरं म्हणजे मला तिचाच राग आला होता, एवढ्या मेहनतीवर पाणी पाडल्याचा. मी म्हटलं, "तू गप्प बसायला हवं होतंस. माणसांत राहायचं म्हणजे गप्प बसता यायला पाहिजे."

तिने मान हलवली. बाप सांगायचा तेव्हा हलवत असेल तशी.

नंतर काय झालं ते मला अजून नवलाचं वाटतं. आईसाहेबांना लोकांनी आठ दिवसांत माफ केलं. गाड्या पुन्हा दारात लागायला लागल्या. "बिचाऱ्यांनी किती सोसलं," असं बायका माझ्या दुकानात माप देता देता म्हणायच्या. पोरीला मात्र कुणी माफ केलं नाही. तिला एकही आमंत्रण आलं नाही. "रक्तात असतं ते," पुतण्याची बायको म्हणाली. "रान काही जात नाही." मी टाचण्या तोंडात धरल्या होत्या, म्हणून बरं.

कारभाऱ्यांनी महिन्याभरात नोकरी सोडली. जायच्या आधी कोटाचं अस्तर बदलायला माझ्याकडे आले. कोट अंगावरून काढलाच नाही, तसेच स्टुलावर बसले.

"मी त्याच संध्याकाळी सांगितलं होतं त्यांना," ते म्हणाले. "साहेब जायबंदी आहेत, डॉक्टर घेऊन लगेच जायला हवं. त्यांनी विचारलं, 'त्याने मला बोलावलंय का?' मी खरं सांगितलं. नाही म्हटलं. तर म्हणाल्या, 'मग थांबा.' दुसऱ्या दिवशी गाडी दारात लावून उभा राहिलो. थांबा. तिसऱ्या दिवशी थांबा. बाराव्या दिवशी न विचारता गेलो." त्यांनी अस्तराचा उसवलेला काठ बोटांनी आत सारला. "पहिल्या दिवशी न विचारता का नाही गेलो, ते तेवढं विचारू नका."

मी विचारलं नाही. अस्तराचे पैसेही घेतले नाहीत, आणि का घेतले नाहीत तेही मला सांगता येणार नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आईसाहेब खचल्या. पायांतली ताकद गेली, खोलीबाहेर पडेनात. मला बोलावलं ते गरम जाकीट सैल करायला. दुपारची वेळ. पोरगी पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसली होती. त्या जेवणानंतर ती अगदी कामापुरतं बोलायची. पण आजीला उठवणं, पुसणं, भरवणं, सगळं तीच करत होती. कुणी सांगितलं नव्हतं.

मी जाकिटाची शिवण उसवत होते. एकदम आईसाहेबांनी मान वळवली. जिन्याकडे. तशीच, अगदी तशीच.

"ऐकलंस?" त्यांनी नातीला विचारलं.

"हो."

"शाळेतून आला की असाच शीळ घालत जिना चढायचा. मी रागवायची. घरात शीळ घालायची नाही म्हणून." त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "रोज येते. तुला किती दिवस येते?"

"आल्या दिवसापासून."

मला काही ऐकू आलं नाही. मी कान देऊन बसले होते, तरी नाही. घड्याळाची टिकटिक होती, बाहेर कुठेतरी पाण्याचा पंप चालू होता. त्या दोघी मात्र एकाच दिशेला बघत होत्या.

मग आईसाहेबांनी विचारलं, "शेवटी शेवटी... त्याने मला हाक मारली का गं?"

पोरगी विचार करायला लागली. तिला खोटं बोलणं कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवणीच्या यादीत नव्हतं ते.

"तुम्हाला नाही," ती म्हणाली. आईसाहेबांनी डोळे मिटले. पण तिचं सांगून संपलं नव्हतं. "तो नुसतं 'आई गं, आई गं' करायचा. तीन दिवस. एरवीसुद्धा करायचा, काटा लागला, चटका बसला की. मला वाटायचं, तो दुखण्याचा आवाज आहे. हरणं कशी ओरडतात, तसा." थोडं थांबून ती म्हणाली, "इथे आल्यावर शिकवणीच्या बाईंनी सांगितलं की 'आई' म्हणजे माणूस असतं."

आईसाहेबांनी डोळे उघडले. त्यांनी पलंगावरून हात खाली सोडला, चाचपत, आणि पोरीने तो धरला नाही, पण आपला खांदा त्याच्याखाली आणून टेकवला, तो उजवा, रुंद. म्हातारी कितीतरी वेळ एकच विचारत राहिली. "किती वेळा म्हणाला? किती वेळा?" पोरगी म्हणाली, "मोजलं नाही. खूप."

आईसाहेब वसंतात गेल्या. शेवटपर्यंत दुपारी त्यांच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवावं लागायचं, जिना दिसेल असं. मृत्युपत्रात घर नातीच्या नावावर होतं. पुतण्या वकील घेऊन भांडायच्या तयारीने आला, तर पोरीने विचारलं, "तुला हवंय?" आणि तो हो म्हणाल्यावर, वकिलाने दाखवली तिथे सही केली. अंगावरच्या कपड्यांनिशी खाली उतरली. मला वाटलं, आता रानात जाणार. ती माझ्या दुकानात येऊन उभी राहिली. "बाबा म्हणालाय माणसांत राहा," म्हणाली. "कुठे राहू?"

दुकानाच्या वरच्या माळ्यावर खोली होती. तिथे राहिली. काम मिळालं जनावरांच्या दवाखान्यात. तिथले डॉक्टर सांगतात, दोन माणसांना न आवरणारा कुत्रा हिच्या कुशीत शांत होतो, हिला मोडलेलं हाड बोटांनी कळतं. "फक्त एक आहे," ते म्हणतात, "बोलत नाही हो कधी. मालकांना काही विचारायचं असलं तरी माझ्याकडे बघते. जन्मजात मुकी आहे की काय, असं वाटतं लोकांना."

हे ऐकलं की मी पटकन तिथून निघते. सतरा वर्षं एकाच माणसाचं ऐकलेली पोर ती. दुसऱ्या कुणाचं ऐकलं तर ते माझं.

गेल्या महिन्यात मी धीर केला. माळ्यावर गेले, ती खिडकीशी बसली होती. म्हटलं, "पोरी, त्या दिवशी मी चुकीचं बोलले तुला. तुझं बरोबर होतं. तू विचारलंस तेच बरोबर होतं." तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. तिने मान हलवली, तशीच, सांगितलेलं ऐकल्यासारखी, आणि सरकून मला बसायला जागा करून दिली. आम्ही दोघी अंधार पडेपर्यंत बसलो. खालच्या रस्त्यावरून माणसं घरी जात होती. मीच अधूनमधून काहीबाही बोलत होते.